उन्हाळ्यातील उष्णकटिबंधीय समुद्र : हवामानाचे पत्रक कसे वाचावे

उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबरमध्ये, उष्णकटिबंधीय समुद्रावर जाण्याचा बेत असलेला माणूस हवामानाचा नकाशा उघडतो, तेव्हा कुठे चक्रीवादळ आहे का एवढेच आधी पाहतो आणि वादळाची खूण दिसली नाही की समुद्र शांत असेल असे धरून चालतो. हे गृहीतक धोक्याचे आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अरबी समुद्राचे आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये तेथे चक्रीवादळे क्वचितच होतात, कारण खालच्या थरात नैर्ऋत्येकडून आणि वरच्या थरात पूर्वेकडून जोराचे वारे वाहत असल्याने वादळाचा उभा स्तंभ टिकू शकत नाही. परंतु याच दोन महिन्यांत सोमालियाच्या किनाऱ्यापासून सोकोत्रा बेटाच्या आसपास पृष्ठभागावरील वारे २५ ते ३० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर), कधी त्याहूनही अधिक वेगाने दिवसेंदिवस वाहतात आणि समुद्र वर्षातला सर्वाधिक खवळलेला असतो. म्हणून हवामानाचे पत्रक वाचताना वादळाचा मजकूर नसलेला भागच अधिक लक्षपूर्वक वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे दिलेला क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

आधी वेळ, मग मजकूर

सागरी हवामानाचे कोणतेही पत्रक हातात आले की पहिल्यांदा त्यावरील वेळ वाचावी. बहुतेक पत्रके जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत दिलेली असतात आणि त्यांचा पाया ०, ६, १२ व १८ वाजताच्या निरीक्षणांवर उभा असतो. निरीक्षण घेतल्यापासून पत्रक तयार होऊन आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत काही तास गेलेले असतात. त्यामुळे ‘आत्ताची स्थिती’ या शब्दांचा अर्थ नेहमी ‘काही तासांपूर्वीची स्थिती’ असाच घ्यावा लागतो. आपली स्थानिक वेळ व प्रमाणवेळ यांतील फरक एका कागदावर लिहून तो नकाशाच्या टेबलाजवळ चिकटवून ठेवावा. थकलेल्या माणसाने मनातल्या मनात केलेली बेरीज-वजाबाकी हमखास चुकते.

वेळेचे महत्त्व किती असू शकते हे ‘एल फारो’ या मालवाहू जहाजाच्या दुर्घटनेने दाखवून दिले. हे जहाज फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलहून पोर्तो रिकोकडे जात असताना १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांजवळ ‘होआकिन’ या हरिकेनमध्ये, म्हणजे अटलांटिकमधील तीव्र चक्रीवादळात, सापडून बुडाले आणि त्यावरील सर्व ३३ जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की वादळाची ताजी माहिती जहाजावर दुसऱ्या मार्गाने येत असतानाही निर्णय मात्र अनेक तास जुन्या माहितीवर आधारलेल्या नकाशांवर घेतले गेले. रंगीत, सुबक नकाशा साध्या मजकुरापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. प्रत्यक्षात त्यामागची माहिती मजकुरापेक्षा जुनी असू शकते. दोन्ही समोर ठेवून कोणाची वेळ अलीकडची आहे हे तपासल्याशिवाय मार्ग ठरवू नये.

ही पत्रके मिळण्याचे मार्ग अनेक आहेत. जगातील समुद्र हवामानाच्या सूचनांसाठी २१ विभागांत वाटलेले आहेत आणि प्रत्येक विभागाची जबाबदारी एका देशाच्या हवामान खात्याकडे आहे. किनाऱ्यापासून काहीशे सागरी मैलांपर्यंत ५१८ किलोहर्ट्झवरील नॅव्हटेक्स, म्हणजे जहाजांना लेखी सूचना पाठवणारी रेडिओ सेवा, उपयोगी पडते, त्यापलीकडे उपग्रहाद्वारे येणारे संदेश घ्यावे लागतात. एक मार्ग बंद पडला तर दुसरा कोणता, हे बंदर सोडण्यापूर्वीच ठरलेले असावे.

दाबाचे मोठे चित्र

वेळ पाहिल्यावर नकाशावर जास्त दाबाचा मोठा प्रदेश कुठे आहे ते शोधावे. उत्तर अटलांटिकमध्ये उन्हाळ्यात अझोर्स आणि बर्म्युडा यांच्या दरम्यान असा प्रदेश पसरलेला असतो व त्याच्या दक्षिण कडेने ईशान्य व्यापारी वारे वाहतात. दक्षिण गोलार्धातून येणारे आग्नेय व्यापारी वारे त्यांना जेथे भेटतात, तेथे ढगांचा आणि पावसाचा पट्टा तयार होतो. आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा म्हणतात तो हाच. उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात हा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकतो आणि हिंदी महासागराच्या बाजूला तर तो थेट भूभागावर चढतो.

समभार रेषा, म्हणजे समान दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींच्या किती जवळ आहेत यावर वाऱ्याचा जोर ठरतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण उष्ण कटिबंधात ते वापरताना एक गोष्ट विसरली जाते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम क्षीण असल्यामुळे दाबातील थोडासा फरकही जोरदार वारा निर्माण करतो. मध्य अक्षांशांतील नकाशे वाचण्याची सवय असलेल्या माणसाला दोन-तीन हेक्टोपास्कलचा (हे हवेच्या दाबाचे एकक) फरक किरकोळ वाटतो, तो येथे किरकोळ नसतो. कॅरिबियन समुद्रात कोलंबियाच्या उत्तरेस जुलैच्या सुमारास हेच घडते. उत्तरेकडील जास्त दाब आणि दक्षिण अमेरिकेवरील कमी दाब यांच्या कचाट्यात व्यापारी वारे इतके वेग घेतात की कोणतेही वादळ नसताना तेथे वारा रात्री ३० नॉटच्या पुढे जाऊ शकतो. पत्रकात अशा ठिकाणी वारा ‘रात्री वाढेल’ असे लिहिलेले असले, तर ते शब्द अक्षरशः घ्यावेत आणि तो पट्टा दिवसा ओलांडण्याचा प्रयत्न करावा.

वाऱ्याचा आकडा वाचताना हेही लक्षात असावे की वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा २८ नॉट झाला की आकडा आठानेच वाढतो, पण शिडावर आणि बोटीच्या अंगावर पडणारा जोर जवळपास दुप्पट होतो.

पूर्वेकडून येणाऱ्या लहरी

अटलांटिकच्या पत्रकांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ‘उष्णकटिबंधीय लहर’ हा उल्लेख जवळजवळ रोज येतो. ही समुद्राच्या पाण्यावरची लाट नसून हवेतील कमी दाबाची उत्तर-दक्षिण पसरलेली पन्हळ असते. अशा सुमारे ६० लहरी दरवर्षी आफ्रिकेवरून निघतात, तीन ते पाच दिवसांच्या अंतराने एकामागून एक पश्चिमेकडे जातात आणि त्यांतील काही मध्य अमेरिका ओलांडून पूर्व पॅसिफिकमध्ये वादळांना जन्म देतात. बहुसंख्य लहरींचे मात्र वादळ होत नाही.

लहरीच्या मधल्या रेषेला आस म्हणतात. पत्रकातील वाक्य साधारणपणे असे असते : ‘लहरीची आस ३८ अंश पश्चिम रेखांशावर, १७ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेस असून ती १५ नॉट वेगाने पश्चिमेकडे सरकत आहे.’ एवढ्यावरून पुष्कळ काढता येते. १५ नॉट म्हणजे २४ तासांत ३६० सागरी मैल. १५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे ५८ मैलांचा असतो, म्हणजे उद्या याच वेळी आस ४४ अंशांच्या जवळपास असेल. आपण ५० अंश रेखांशावर असलो, तर ती आपल्यापर्यंत यायला साधारण दोन दिवस लागतील. आस येण्यापूर्वी वारा ईशान्येकडून किंवा पूर्व-ईशान्येकडून असतो, ती गेल्यावर तो वळून पूर्व-आग्नेयेकडून वाहू लागतो. पावसाचे आणि गडगडाटाचे ढग बहुधा आसेजवळ किंवा तिच्या मागे, पूर्वेच्या बाजूला असतात. वायुभारमापक या काळात फार तर दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो. अपेक्षेप्रमाणे वारा वळला आणि दाब पुन्हा चढू लागला, तर लहर निघून गेली असे समजावे. वारा वळल्यावरही दाब उतरतच राहिला, तर मात्र पुढचे पत्रक येईपर्यंत स्वस्थ बसू नये.

या लहरींना सहारातील हवाही आवरते. वाळवंटावरून उठलेली कोरडी, उष्ण, धूळमिश्रित हवा साधारण दीड ते सहा किलोमीटर उंचीच्या थरात अटलांटिकवर पसरते आणि ढगांची वाढ दाबून टाकते. अशा दिवसांत क्षितिज धूसर दिसते व पाऊस कमी होतो, परंतु वारा कमी होतोच असे नाही.

लाटांचे आकडे

समुद्राच्या स्थितीविषयी सर्वाधिक गैरसमज लाटांच्या उंचीबाबत होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. पत्रकात ‘लाटा ३ मीटर’ असे असते तेव्हा त्याचा अर्थ प्रत्येक लाट ३ मीटरची असा नसतो आणि सर्वांत मोठी लाट ३ मीटरची असाही नसतो. सर्व लाटांपैकी सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच समुद्रात काही तासांत हजारभर लाटा येऊन जातात आणि त्यांतील एखादी या आकड्याच्या जवळपास दुप्पट उंचीची असणे हे अपवादात्मक नसून अपेक्षितच असते. म्हणून आपली नौका ३ मीटरच्या समुद्रात जाऊ शकते का हा प्रश्न अपुरा आहे. साडेपाच-सहा मीटरची एखादी लाट आली तर ती सोसेल का, असे विचारावे.

उंचीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आकडा म्हणजे लाटेचा कालावधी, म्हणजे एका शिखरापासून दुसरे शिखर येईपर्यंतचे सेकंद. दोन मीटर उंची आणि पाच सेकंद कालावधी असलेला समुद्र लहान बोटीला हैराण करतो, कारण लाटा उभ्या चढाच्या आणि एकमेकींना लागून असतात. तीच दोन मीटर उंची चौदा सेकंदांच्या कालावधीने आली, तर खोल पाण्यात ती जेमतेम जाणवते. पण तीच लाट उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी किंवा वाळूच्या दांड्यावर पोहोचली की उंचावते आणि फुटते. खोल समुद्रात निरुपद्रवी वाटलेली लाट बंदराच्या प्रवेशाशी घातक ठरते ती यामुळे.

लांब कालावधीच्या लाटा दूरच्या वादळाची खबर देतात. खोल पाण्यात लाटांच्या समूहाचा वेग नॉटमध्ये काढायचा असेल, तर कालावधीच्या सेकंदांना दीडने गुणावे. वादळ १५०० सागरी मैलांवर असेल, तर १६ सेकंदांच्या लाटा २४ नॉट वेगाने सुमारे ६२ तासांत पोहोचतात, तर त्याच वादळाच्या १० सेकंदांच्या लाटांना १०० तास लागतात. म्हणजे लांब कालावधीच्या, कमी उंचीच्या, संथ लाटा आधी येतात आणि त्यानंतर कालावधी हळूहळू घटत जातो. वारा पडलेला असताना वेगळ्याच दिशेने अशी संथ लाट येऊ लागली, तर तिची दिशा होकायंत्राने मोजावी, दोन शिखरांमधील वेळ घड्याळावर किमान दहा लाटांसाठी मोजून सरासरी काढावी आणि तीन तासांनी तेच पुन्हा करावे. लाट त्याच दिशेने येत राहून उंची वाढत असेल, तर वादळ आपल्याच बाजूला येत असण्याची शक्यता असते. दिशा सरकत असेल, तर ते बाजूने जात असावे.

दूरच्या लाटांना कटिबंधाची सीमा नसते. दक्षिण हिंदी महासागरात वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून एप्रिल-मेमध्ये केरळच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्या वेळी तेथे ना वारा असतो ना पाऊस, तरी सखल भागांत पाणी शिरते. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था, म्हणजे इन्कॉइस, त्याची पूर्वसूचना देते. केवळ स्थानिक वाऱ्याचा अंदाज पाहणाऱ्याला अशा लाटांचा पत्ता लागत नाही.

पत्रकात वाऱ्याची लाट आणि दुरून आलेली लाट यांचे आकडे वेगळे दिले असतील, तर त्यांच्या दिशांमधील कोन पाहावा. दोन दिशांनी येणाऱ्या लाटा एकमेकींवर चढतात तेव्हा मध्येच टोकदार, अनपेक्षित उंचीच्या लाटा उठतात. जोराचा प्रवाह लाटेच्या विरुद्ध वाहत असेल तरीही हेच होते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील अगुल्हास प्रवाह यासाठी खलाशांमध्ये कुप्रसिद्ध आहे.

वादळ होण्याची शक्यता आणि तिच्यापासून राखायचे अंतर

चक्रीवादळ तयार होण्यासाठी पाण्याचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त लागते, ही उष्णता काही दहा मीटर खोलीपर्यंत असावी लागते, विषुववृत्तापासून निदान पाचेक अंशांचे अंतर लागते, मधल्या थरांत ओलावा लागतो आणि खालच्या व वरच्या वाऱ्यांत फार फरक असून चालत नाही. या अटींपैकी किती पूर्ण होत आहेत याचे वर्णन पत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदांत असते आणि शक्यतेचा टक्का त्यातूनच येतो. मियामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र पुढील दोन व सात दिवसांसाठी असा टक्का देते. ३० टक्के म्हणजे ‘होणार नाही’ असे नव्हे. जेथून बाहेर पडायला तीन दिवस लागतील अशा ठिकाणी आपण असलो, तर ३० टक्क्यांवरही मार्ग बदलण्याचा विचार करणे शहाणपणाचे आहे.

वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहताना एक काळजी घ्यावी. अमेरिकी केंद्रे एका मिनिटाच्या सरासरीने वाऱ्याचा वेग सांगतात, भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांच्या, तर इतर अनेक केंद्रे दहा मिनिटांच्या सरासरीने. त्यामुळे एकाच वादळाचे आकडे निरनिराळे दिसतात आणि एक मिनिटाचा आकडा नेहमी थोडा मोठा असतो. ३४ नॉट ही मर्यादा मात्र सर्वत्र महत्त्वाची मानली जाते, कारण तेथून पुढे जहाजाला मार्ग बदलण्याचे स्वातंत्र्य झपाट्याने कमी होते.

नकाशावर वादळाच्या अंदाजित मार्गाभोवती काढलेला शंकू पाहून अनेकांची फसगत होते. वादळाचे केंद्र कोठे असू शकेल एवढेच तो दाखवतो, तेही सुमारे दोनतृतीयांश वेळा. वादळाचा विस्तार त्यात नसतो. शंकूच्या बाहेर शंभर मैलांवरही ३४ नॉटचे वारे असू शकतात. यासाठी खलाशांमध्ये रूढ असलेला एक-दोन-तीनचा नियम अतिशय उपयुक्त आहे. ३४ नॉटचे वारे केंद्रापासून जितक्या अंतरापर्यंत पोहोचतात त्या त्रिज्येत २४ तासांच्या अंदाजासाठी १०० सागरी मैल, ४८ तासांसाठी २०० आणि ७२ तासांसाठी ३०० मैल मिळवावेत. त्रिज्या १२० मैल असेल, तर २४ तासांनंतरच्या अंदाजित केंद्रापासून २२०, ४८ तासांनंतरच्या केंद्रापासून ३२० आणि ७२ तासांनंतरच्या केंद्रापासून ४२० मैलांचे वर्तुळ काढून त्यात शिरायचे नाही. अलीकडे अंदाज अधिक अचूक झाले आहेत म्हणून हे अंतर कमी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण वादळाची तीव्रता २४ तासांत ३० नॉट किंवा त्याहून अधिक वाढण्याच्या घटना आजही अंदाजांना चकवतात.

आपला वायुभारमापक

पत्रक कितीही चांगले असले तरी आपल्या डेकवरचे निरीक्षण त्याला पर्याय नसून त्याची तपासणी आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो : स्थानिक वेळेनुसार सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. हा फरक सुमारे तीन हेक्टोपास्कलपर्यंत असू शकतो. समजा, सकाळी दहाला १०१३.५ आणि दुपारी चारला १०१०.५ हा त्या भागातील रोजचा क्रम आहे. दुपारी चारला १०१०.५ दिसले तर त्यात काही विशेष नाही. पण सकाळी दहाला १०१०.५ दिसले, तर आकडा तोच असूनही दाब त्या वेळेच्या अपेक्षेपेक्षा तीनने कमी आहे, आणि तीनचा फरक हा जवळपास कमी दाबाचे क्षेत्र असल्याचा संशय घेण्यास पुरेसा मानला जातो. फरक पाचवर गेला तर चक्रीवादळ जवळ आहे याविषयी फारशी शंका उरत नाही. म्हणून दर तासाला दाब लिहावा आणि तो आदल्या दिवशीच्या त्याच तासाशी ताडून पाहावा. मागच्या तासाशी तुलना करून दिशाभूल होते.

केंद्र कोणत्या बाजूला आहे हे वाऱ्यावरून कळते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर वादळाचे केंद्र आपल्या उजव्या हाताला किंवा उजवीकडे थोडे मागे असते. दक्षिण गोलार्धात ते डावीकडे असते. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजवीकडील अर्धा भाग अधिक धोक्याचा, कारण तेथे वादळाची पुढे सरकण्याची गती वाऱ्याच्या वेगात मिळवली जाते आणि वारा नौकेला वादळाच्या मार्गाकडेच ढकलतो. जहाज थांबवून पाहिले असता वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर आपण या धोक्याच्या भागात आहोत; उलट दिशेने फिरत असेल, तर डाव्या भागात; दिशा न बदलता दाब उतरत असेल, तर वादळाच्या वाटेवरच. चालत्या जहाजावरून केलेले हे निरीक्षण फसवू शकते, म्हणून थांबणे महत्त्वाचे आहे. धोक्याच्या भागात उत्तर गोलार्धात वारा उजव्या नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या उजव्या बाजूवर, घेऊन जमेल तेवढे पुढे जावे. डाव्या भागात किंवा वाटेवर असल्यास वारा उजव्या बाजूच्या मागून घेऊन दूर निघावे. दक्षिण गोलार्धात हे सर्व उलट्या बाजूने करावे.

स्क्वॉलविषयी, म्हणजे अचानक येणाऱ्या जोराच्या वाऱ्याच्या झोताविषयी, थोडक्यात एवढेच की खुल्या उष्ण समुद्रावर गडगडाटी ढगांचा जोर बहुधा पहाटेच्या सुमारास असतो आणि त्यांच्याखाली वारा काही मिनिटांत १५ नॉटवरून ४० नॉटवर जाऊ शकतो. रात्री शीड आधीच कमी करून ठेवावे.

वादळ गेल्यानंतर

वादळ दूर गेले, आकाश निवळले, वारा १० नॉटवर आला की बंदराकडे निघण्याची घाई होते. त्या वेळी लाटांचा कालावधी पुन्हा एकदा मोजावा, कारण मागे राहिलेली लांब लाट एक-दोन दिवस तशीच येत राहते आणि ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असताना मुखाशी ती सर्वांत वाईट रीतीने फुटते. शक्य असल्यास प्रवेश भरती चढत असताना आणि दिवसाउजेडी करावा, कारण पुराच्या पाण्याबरोबर आलेली झाडे व ओंडके रडारवर नीट दिसत नाहीत आणि प्रवेशमार्गावरील बोये, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, जागेवरून सरकलेले असू शकतात. बंदराच्या अधिकाऱ्यांकडून मार्ग तपासल्याची सूचना येईपर्यंत किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात थांबावे.